न उचललेला हात

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरे)

घरातल्या माणसांनी एकमेकांना जवळ घेणे या विषयावर आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे विदर्भातल्या खेड्यांमधून आली आहेत आणि त्यांत ‘मिठी’ हा शब्द फार थोड्यांनी वापरला आहे. कुणी ‘जवळ घेणे’ लिहिले, कुणी ‘माया करणे’, तर एका आजींनी नुसते ‘हात लावणे’ असे लिहून घेतले. उत्तरे देताना मीही शक्यतो हेच शब्द ठेवले आहेत.

प्रश्न : मी 48 वर्षांचा कास्तकार आहे. पाच एकर कोरडवाहू शेतात कापूस आणि तूर घेतो. मोठा मुलगा गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेला. दिवाळीच्या सुट्टीत तो आला, तेव्हा चहाच्या टपरीवर चार ओळखीची माणसे बसलेली असताना त्याने एसटीतून उतरताच मला गच्च मिठी मारली. माझे दोन्ही हात लोंबतच राहिले. ते उचलावेत असे मनात आले होते, पण उचलले गेले नाहीत. “बाबा, तुम्ही तर विजेच्या खांबासारखे उभे राहिले,” असे म्हणून तो हसला आणि बॅग घेऊन चालू लागला. परत जाताना त्याने नुसता पायाला हात लावला. माझ्या वडिलांनी मला कधी जवळ घेतल्याचे आठवत नाही, तरी त्यांची माझ्यावर माया नव्हती असे मी म्हणणार नाही. आमच्यासारख्यांना हे मिठी मारणे खरेच आवश्यक आहे काय, की हे शहरातले खूळ आहे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : परत जाताना मुलाने नुसता पायाला हात लावला, हे तुम्ही लक्षात ठेवले आणि पत्रात लिहिले. ज्याला ही गोष्ट खूळ वाटते, त्याच्या हे ध्यानातही राहिले नसते. त्यामुळे मिठी आवश्यक आहे की नाही हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि हात का उचलला गेला नाही ते आधी पाहू.

तुमच्याकडे आज बैलजोडी आहे की नाही हे पत्रावरून कळत नाही, पण तुमच्या वडिलांच्या काळी ती असणारच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी किंवा तूप लावतात, पळसाच्या पानाने ते शेकतात, हलक्या हाताने चोळतात आणि “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” असे त्यांना सांगतात. हे काम घरचा कर्ता पुरुष करतो, घाई न करता करतो आणि ते करताना त्याला कुणाची लाज वाटत नाही. वर्षभर ओझे वाहणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचे ऋण मान्य करण्याची रीत ज्या घरात आहे, त्या घरातल्या पुरुषाला स्पर्शाची भाषा येत नाही हे मला पटत नाही. ती त्याला येते. फक्त मुलाला मिसरूड फुटल्यानंतर ती त्याच्याशी बोलायची नाही, असे केव्हातरी, कुणीही न ठरवता, ठरून गेलेले असते. जत्रेत ज्याला खांद्यावर बसवून फिरवले, तोच मुलगा दहावीत गेला की बापाचा हात त्याच्या अंगाला लागतो तो एक तर रागाने, नाहीतर तापात कपाळ पाहण्यापुरता.

दसऱ्याला सोने देताना आपण गावातल्या माणसांना उराउरी भेटतो. वारीत अनोळखी माणसेही एकमेकांच्या पाया पडतात आणि गळ्याला गळा लावतात. म्हणजे छातीला छाती लावण्याला आपल्याकडे मनाई कधीच नव्हती, तिला निमित्त मात्र लागत असे. तुमच्या मुलाने एसटी स्टँडवर हे निमित्ताशिवाय केले, म्हणून तुम्ही गोंधळलात. यात तुमचा दोष मी मानत नाही.

आता शरीराच्या बाजूने पाहू. आपल्या त्वचेत वेगवेगळ्या कामांचे ज्ञानतंतू असतात. काटा बोचला, विळा लागला, हे कळवणारे तंतू वेगळे आणि हलका, संथ स्पर्श टिपणारे वेगळे. हे दुसऱ्या प्रकारचे तंतू पाठीवर, दंडावर, चेहऱ्यावर, म्हणजे जिथे त्वचेवर लव असते तिथे असतात आणि तळहातावर जवळजवळ नसतात. स्वीडनमधील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाने त्वचेवरून काही फिरले, तर हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात, आणि नेमका तोच वेग माणसांना सर्वांत सुखाचा वाटतो. आजी नातवाला थोपटून झाल्यावर त्याच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग घड्याळ लावून पाहिला, तर याच्या फार बाहेर जाणार नाही. तेव्हा ही व्यवस्था शहरात राहणाऱ्यांसाठी वेगळी आणि कोरडवाहू शेती करणाऱ्यांसाठी वेगळी, असे काही नाही.

पुरुषाच्या हाताला असली सेवा शोभत नाही असे कुणी म्हणाले, तर त्याला सांगा की वर्धा दारव्ह्यापासून लांब नाही. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगी म्हणून आश्रयाला आले होते. ज्या काळात अशा माणसाची सावलीही लोक टाळत, त्या काळात गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळून देत असत. त्या प्रसंगाचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्यात दोन म्हातारे पुरुष आहेत आणि त्यांतल्या एकाचा हात दुसऱ्याच्या अंगावर आहे, एवढेच.

मी तुम्हाला मिठीचा सराव करायला सांगणार नाही, कारण सराव करून मारलेली मिठी कवायतीसारखी दिसते. पण पायाशी वाकलेल्याला दोन्ही खांद्यांना धरून उठवणे ही आपली जुनी, सर्वांच्या देखत चालणारी रीत आहे. पुढच्या वेळी मुलगा वाकला की “सुखी राहा” म्हणून तसेच उभे राहू नका, त्याला खांद्यांना धरून उठवा. तो उठेल तेव्हा त्याची छाती तुमच्या छातीपासून वीतभर अंतरावर असेल, आणि ते अंतर कुणी तोडायचे हे त्या वेळी आपोआप ठरेल. त्याआधी, सुट्टीची वाट न पाहता, फोनवर त्याला एवढे सांगा की त्या दिवशी मी खरोखरच खांब झालो होतो आणि मला ते नंतर लागले. तुमच्या वडिलांना हे सांगायला फोन नव्हता. तुमच्याकडे आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. जवळ घेतल्याने कर्ज फिटत नाही आणि गेलेला हंगाम परत येत नाही. घरात एखाद्याची झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, तो निरवानिरवीचे बोलत असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवाच, पण तो हात न काढता त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.

प्रश्न : ‘रोज आठ मिठ्या आणि प्रत्येक मिठी 20 सेकंदांची, म्हणजे बीपी आणि सर्दी दोन्ही पळतात’ असा संदेश आमच्या गटावर फिरतो आहे. हे शास्त्रीय आहे काय?
— एक वाचक, चांदूर बाजार, जि. अमरावती

उत्तर : आठ हा आकडा एका अमेरिकन कुटुंब-समुपदेशिकेच्या नावावर सांगितला जातो. तो कुणी मोजून काढलेला नाही. वीस सेकंदांच्या मागे मात्र एक खरा अभ्यास आहे आणि तो 2003 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात काही जोडप्यांना आधी दहा मिनिटे हातात हात घेऊन बसवले होते, त्यानंतर वीस सेकंद मिठी, आणि मग त्यांना भाषण करण्याचे ताणाचे काम दिले होते. ज्यांना हा सहवास मिळाला त्यांचा रक्तदाब आणि नाडी इतरांपेक्षा कमी चढली. तुमच्या गटावरच्या संदेशाने मिठी ठेवली आणि दहा मिनिटे शेजारी बसणे गाळले, आणि माझ्या मते नेमके तेच महत्त्वाचे होते.

सर्दीबद्दलचा अभ्यास 2015 चा आहे. 404 निरोगी माणसांना चौदा संध्याकाळी फोन करून आज भांडण झाले का, कुणी मिठी मारली का, असे विचारले गेले आणि नंतर त्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून त्यांना वेगळे ठेवण्यात आले. ज्यांच्याकडे भांडणे होती पण मिठ्याही वारंवार होत्या, त्यांना भांडणांमुळे वाढणारा संसर्गाचा धोका तितका जाणवला नाही. मात्र ज्याला वारंवार जवळ घेतले जाते त्याला घरचा आधारही बहुधा अधिक असतो, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या मिठीला देता येत नाही.

2024 मध्ये 137 अभ्यासांतील सुमारे 13,000 माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा स्पर्श किती वेळ टिकला यापेक्षा तो किती वेळा झाला याला अधिक महत्त्व असल्याचे आढळले, आणि मोठ्या माणसांमध्ये मालीश केली की जवळ घेतले याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा घड्याळ लावू नका. आणि बीपीची गोळी चालू असेल, तर ती या संदेशाच्या भरवशावर बंद करू नका.

प्रश्न : माझ्या सुनेला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन 1 किलो 800 ग्रॅम आहे. दवाखान्यातून सोडताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी दिवसातून जितका वेळ जमेल तितका वेळ बांधून ठेवायला सांगितले. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. शिवाय इतक्या लहानपणी बाळाला हाताची सवय लागली, तर पुढे ते खाली राहील काय? मी तीन लेकरे वाढवली आहेत. सून माझे ऐकत नाही आणि मला वाईट वाटते.
— एक आजी, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : आजी, तीन लेकरे वाढवलेल्या हाताचा मान ठेवूनच लिहितो की या वेळी सुनेचे ऐका. आपली लेकरे पूर्ण दिवसांची असावीत. हे बाळ लवकर आले आहे, त्याच्या अंगावर चरबी नाही आणि स्वतःची ऊब त्याला स्वतः टिकवता येत नाही. सुनेला सांगितलेल्या पद्धतीला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातील बोगोटा शहराच्या एका रुग्णालयात 1978-79 च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी अवस्था झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आईच्या छातीचीच पेटी केली. सुरुवात गरजेपोटी झाली, पण पुढे तिची नीट परीक्षा घेतली गेली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यानंतर लगेच छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. ज्यांच्याशी तुलना केली त्या बाळांनाही ही ऊब मिळत होती, पण प्रकृती स्थिरावल्यावर, म्हणजे उशिरा. आता जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी दिवसाचे 8 ते 24 तास ही ऊब सुचवते.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. त्यात जंतुसंसर्गावरच्या औषधांचा वाटा मोठा होता, पण बाळाला गरम ठेवणे आणि अंगावर पाजणे हेही तिथे तितक्याच काटेकोरपणे शिकवले जात होते. आज आशाताई तुमच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्या भेटींचे मूळ याच कामात आहे. तिला बाळाचे तापमान मोजायला सांगा. काखेत 36.5 ते 37.5 अंश सेल्सियस असेल तर उन्हाळा असो की हिवाळा, काळजी नाही. त्याहून वर गेले तर कापडाचे थर कमी करा, सावलीच्या खोलीत या, बाळाला पाजा, आणि तरीही उतरले नाही किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर थेट दवाखाना गाठा. कूलर चालू ठेवा, पण त्याचा झोत बाळावर नको. बांधायला जुने, मऊ सुती लुगडे उत्तम. सुनेने पाणी भरपूर प्यावे.

हाताची सवय लागेल ही भीती या वयाला लागू नाही. आठ महिने जे बाळ आईच्या आतच होते, त्याला दूर राहण्याची सवय लावायची घाई कशाला? माकडांच्या पिल्लांवरचा एक जुना प्रयोग 1958 मध्ये हार्लो नावाच्या अमेरिकन संशोधकाने प्रसिद्ध केला. पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या होत्या, दूध देणारी तारेची आणि दूध न देणारी मऊ कापडाची. पिल्ले दुधापुरती तारेकडे जात आणि दिवसभर कापडाला बिलगून राहत. प्रयोग निर्दय होता आणि आज तसा करू देणार नाहीत, पण पिल्लाला आई फक्त दुधासाठी लागते हा समज त्याने मोडला.

आणि वाईट वाटून घेऊ नका, कारण यात आपल्यालाही काम आहे. सून जेवायला बसेल, आंघोळीला जाईल, थोडी झोपेल, तेव्हा बाळाला आपल्या छातीशी घ्या. बाळाच्या वडिलांनीही घ्यावे. फक्त हात धुऊन आणि खोकला-सर्दी नसताना.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. मुले पळत येऊन कमरेला बिलगतात. हल्लीचे वातावरण पाहता भीती वाटते. दूर लोटावे काय?
— एक शिक्षक, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : लोटू नका, आणि स्वतःहून ओढूनही घेऊ नका. बिलगणारे मूल तुमच्याकडे आले आहे, तेव्हा चार मुलांच्या देखत त्याच्या डोक्यावर हात ठेवा, खाली बसून बोला आणि ते सुटायला लागले की लगेच सोडा. बंद खोलीत, एकट्या मुलासोबत, मांडीवर घेऊन असे काही नको. 2012 चा पोक्सो कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि उघड्या वर्गातल्या सरळ मायेला त्याचे भय असण्याचे कारण नाही. ज्या मुलाला हात लावलेला आवडत नाही, ते अंग चोरून घेते. त्याला ‘लाजाळू’ म्हणून चिडवू नका, इतरांनाही तसे करू देऊ नका. ‘पाहुण्यांना पापा दे’ हा घरी होणारा आग्रहही मला पसंत नाही, कारण आपल्या अंगाला कोण हात लावेल याबद्दल नाही म्हणता येते, हे मुलाला त्याच घरात कळायला हवे. पालकसभेत हे एकदा बोला.

प्रश्न : हे पत्र माझा नातू लिहितो आहे. माझी सत्तरी उलटली. मालक जाऊन सहा वर्षे झाली. मुले चांगली आहेत. सकाळी चहा, दुपारी वरणभात, गोळ्या वेळेवर. कुणी वाईट बोलत नाही. पण मला कुणी हात लावत नाही. पूर्वी सणाला कासारीण यायची आणि मनगट दाबून दाबून बांगड्या चढवायची. ते गेल्यावर ती माझ्या दारावरून तशीच पुढे जाते. परवा दवाखान्यात बीपी पाहताना नर्सबाईने दंड धरला, तर माझ्या डोळ्यांत पाणी आले. मला वेड तर लागत नाही ना?
— एक आजी, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : नाही आजी, वेड लागलेले नाही. भूक लागलेल्या माणसाला ताट दिसले तर तोंडाला पाणी सुटते, त्याला कुणी वेड म्हणत नाही.

2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सोळा विवाहित स्त्रियांना विजेचा हलका झटका बसेल अशी भीती दाखवून, त्याच वेळी त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली गेली. कुणी हात धरला नव्हता तेव्हा धोक्याशी संबंधित भाग जास्त पेटले, अनोळखी माणसाने हात धरला तेव्हा ते थोडे निवले, आणि नवऱ्याने धरला तेव्हा सर्वांत जास्त. आपला हात धरणारे गेले. त्यामुळे जे पूर्वी दोघांत वाटले जात होते, ते सहा वर्षांपासून आपण एकट्या पेलत आहात. नर्सबाईंचा हात परका होता, तरी तो आपल्याला पुरला, यावरून उणीव किती आहे ते कळते.

मुलांना हे सुचलेले नाही, कारण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला जवळ घेण्याची वेळ येते ती आजारपणात किंवा त्याहून वाईट प्रसंगी. सुनांना एकदा सांगून पाहा की दुपारी उन्हाला बसल्यावर माझी वेणी घालून द्या. पूर्वी अंगणात बायका एकमेकींच्या उवा पाहत बसत, त्यात उवांचे निमित्त किती आणि मांडीवर डोके ठेवण्याचे सुख किती, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. तेवढ्यापुरते काम काढले तरी चालते.

बांगड्यांबद्दलही लिहितो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने ग्रामसभेत ठराव करून नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. आपल्या गावाने तसे केले असेल किंवा नसेल, पण कासारीण आपल्या दारावरून पुढे जाते ती बहुधा संकोचाने. तिला आपण हाक मारली, तर ती थांबेल असे मला वाटते. मारायची की नाही ते आपण ठरवा.

आता ज्याने हे पत्र लिहिले त्या नातवासाठी. बाळा, हे उत्तर आजीला समोर बसून वाचून दाखवू नकोस, शेजारी बस, तुझा दंड तिच्या दंडाला लागेल असा. रात्री निजण्याआधी पाच-दहा मिनिटे तिच्या पोटऱ्यांना आणि पावलांना तेल लावून दे. या वयात कातडी पातळ होते, म्हणून जोर लावून चोळू नकोस, हात सावकाश फिरव, आणि जखम किंवा सूज दिसली तर तिथे हात न लावता वडिलांना सांग. तेल खोबऱ्याचे असेल तर थंडीत ते थिजलेले असते. वाटी आधी गरम पाण्यात ठेव.